चुकीच्या उत्तरामागचं गणित : शिक्षकांनी आपल्याच वर्गाचा अभ्यास कसा करावा

‘सदतीस लिहा’ म्हटल्यावर तिसरीतल्या एखाद्या मुलीने ७३ लिहिलं, तर आपण बहुतेक वेळा लाल पेनाने फुली मारतो, शेजारी ३७ लिहितो आणि ‘पाच वेळा लिहून आण’ म्हणतो. तिने ७३ का लिहिलं हे विचारायचं मात्र राहून जातं. खरं तर तिने आपलं नीट ऐकलं होतं. सद-तीस. सात आधी आले, तीस नंतर. ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने तिने लिहिलं. तिच्या उत्तरात विचार आहे, आणि तो विचार कळेपर्यंत पाच वेळा काय, पन्नास वेळा लिहून घेतलं तरी फरक पडेलच असं नाही. गणित शिकवणाऱ्याने आपल्या वर्गावर संशोधन करायचं ते या विचाराचा माग काढण्यासाठी.

‘कृतिसंशोधन’ म्हटलं की वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही शिक्षकाला आपला डी.एड. किंवा बी.एड.चा अहवाल आठवेल. शीर्षक, गरज, उद्दिष्टं, परिकल्पना, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष. चौकट वाईट नाही. पण तिच्यात आपण जे भरतो त्यातून हाती फार थोडं लागतं. ‘इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना भागाकार येत नाही’ ही समस्या, ‘जादा सराव’ हा उपाय आणि ‘सरासरी गुणांत वाढ झाली’ हा निष्कर्ष. सरावाने गुण वाढतात हे अहवालाआधीही ठाऊक होतं. भागाकाराच्या कुठल्या पायरीवर मुलं अडतात, अडतात तेव्हा काय करतात, भागाकार म्हणजे त्यांना काय वाटतं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. कर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात कृतिसंशोधनाची कल्पना मांडली आणि स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळांसाठी सविस्तर लिहिली, तेव्हा रोख कामातला प्रश्न काम करणाऱ्यानेच उलगडावा यावर होता. पुढे ती अभ्यासक्रमातल्या गुणांची बाब झाली आणि प्रश्न मागे पडला. तो पुन्हा पुढे आणायला नवी पदवी लागत नाही. एक वही लागते, आणि चुकीच्या उत्तरापाशी थोडं थांबायची तयारी.

वर्ध्याच्या शिक्षकाला तर हे परकं वाटूच नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला. ‘नई तालीम’च्या त्या अभ्यासक्रमात गणित हस्तोद्योगाशी जोडलेलं होतं. चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी. सूत मोजताना, तोलताना, त्याची मजुरी काढताना गुणाकार-भागाकार आपोआप समोर यायचे. नई तालीमची चर्चा होते ती बहुधा चरख्यावर येऊन थांबते. मला त्यात शिक्षकावर टाकलेली जबाबदारी अधिक मोलाची वाटते. मुलाच्या हातातल्या कामात आज कोणतं गणित आहे आणि त्यातलं त्याला किती दिसतं, हे पाहायचं काम पाठ्यपुस्तकाचं नव्हतं, शिक्षकाचं होतं. म्हणजे निरीक्षण हा शिकवण्याचाच भाग होता. सेवाग्रामच्या आश्रम परिसरात २००५ पासून पुन्हा सुरू झालेली आनंद निकेतन शाळा याच परंपरेतली आहे. आर्वी, कारंजा, समुद्रपूर किंवा हिंगणघाट तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चरखा नसेल, पण निरीक्षण करायला कुणी अडवलेलं नाही.

प्रश्न निवडताना

पहिली अडचण प्रश्नाच्या आकाराची असते. ‘माझ्या वर्गाची गणितातली गोडी कशी वाढवू?’ हा प्रश्न कळकळीचा आहे, पण त्याचं उत्तर कुठे शोधायचं ते त्यातून कळत नाही. ‘अपूर्णांक का जमत नाहीत?’ हा प्रश्न थोडा बरा. ‘अर्धा आणि पाव यांत मोठा कोणता, हे पोळीवर ओळखणारी मुलं १/२ आणि १/४ लिहिल्यावर पाव मोठा का म्हणतात?’ हा प्रश्न हातात धरता येतो. त्यात मुलं काय करू शकतात आणि कुठे घसरतात, दोन्ही आहे. काय पाहायचं ते त्या प्रश्नातच सांगितलेलं आहे.

असे प्रश्न बसून सुचत नाहीत. त्यासाठी तपासलेल्या वह्या मूळ माल. महिनाभर एवढंच करा: एकच चूक दोन-तीन मुलांनी केली की ती तुमच्या वहीत जशीच्या तशी उतरवा, तारीख घाला, पुढे काही लिहू नका. ‘दुर्लक्ष’, ‘घाई’, ‘पाठांतर नाही’ असले शेरे तर मुळीच नकोत. शेरा मारला की शोध तिथेच संपतो. महिन्याने पानं उलटा. ५२ − ३७ = २५ हे उत्तर वेगवेगळ्या वह्यांतून पुन्हा पुन्हा आलेलं दिसलं, तर तो निष्काळजीपणा नाही. मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं आहे: सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. त्याच्याजवळ नियम आहे आणि तो ते इमानाने पाळतं आहे. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा पद्धतशीर वेध घेतला आणि दाखवलं की मुलांच्या बऱ्याच चुका अशा नियमबद्धच असतात. तुमच्या वहीतही ते दिसेल.

एक उदाहरण, पायरी पायरीने

आता सुरुवातीच्या सदतीसकडे वळू. दुसरी-तिसरीला शिकवणाऱ्या मराठी शिक्षकासाठी याहून चांगला पहिला प्रश्न मला सुचत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’ यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण सांगितलं होतं: मराठीत एकक आधी बोलतात आणि लिहिताना दशक आधी येतो, त्यामुळे लहान मुलं गोंधळतात. दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलतात. जर्मनमध्ये मराठीसारखंच एकक आधी येतो. वाद वर्तमानपत्रांतून विधिमंडळापर्यंत गेला. भाषा बिघडेल म्हणणारे होते, मुलांचं ओझं कमी होईल म्हणणारेही होते. पण दुसरीच्या वर्गांतली मुलं नेमकी कुठे आणि कशी चुकतात, याची शिक्षकांनी गोळा केलेली माहिती त्या चर्चेत फारच थोडी दिसली. ती माहिती प्रत्येक वर्गात पडून होती, आजही आहे.

समजा तुमच्या वर्गाचा पट अठरा आहे. बारा संख्यांचं श्रुतलेखन घ्यायचं. पण संख्या वाटेल त्या घ्यायच्या नाहीत, त्यांची निवड फार महत्त्वाची आहे. मी ३७, ७३, २८, ८२, ३९, ४१, ४९, ६९, ५०, ५५, ९९ आणि १६ या घेईन. ३७ आणि ७३, २८ आणि ८२ या उलटसुलट जोड्या आहेत. मूल दोन्ही उलट लिहीत असेल तर त्याचा क्रमाचा नियम पक्का आहे. एकच उलट लिहीत असेल तर कदाचित त्याला एकच नाव माहीत नसेल. ५५ उलटं लिहिलं तरी ५५च राहतं, म्हणून ते चुकलं तर अडचण क्रमाची नाही, ‘पंचावन्न’ या नावाची आहे. आणि मराठी नावं सोपी नाहीत. पन्नास हे त्रेपन्नमध्ये ‘पन्न’ होतं, बावन्नमध्ये ‘वन्न’ होतं. सत्तरचं ‘हत्तर’ होतं. पाच तर पंधरा, पस्तीस, पंचेचाळीस, पासष्ट असं बऱ्याच दशकांत रूप पालटतं. सोळात सहा आणि दहा ऐकूच येत नाहीत. ५० मध्ये एककाच्या जागी शून्य आहे, ते मूल लिहितं की सोडून देतं हेही पाहायचं.

सगळ्यात जास्त सांगून जाईल ती संख्या ३९. ‘एकोणचाळीस’ ऐकून कुणी ४१ लिहील, कुणी ४९, कुणी १४. फुली तिघांनाही सारखीच मिळेल, पण तीन मुलं तीन वेगळ्या जागी उभी आहेत. ४१ लिहिणाऱ्याने सुरुवातीचा ‘एक’ ऐकला आणि त्याला चाळीस जोडला. ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेलंच नाही. ४९ लिहिणारं मूल बरंच पुढे गेलेलं आहे: एकोणीसमध्ये नऊ येतो हे त्याने हेरलंय, फक्त पुढच्या दशकाचं नाव घेऊन मागच्या दशकात थांबायचं ही गाठ सुटलेली नाही. १४ लिहिणाऱ्याकडे ‘एकोण’ची आणि लिहिण्याच्या क्रमाची अशा दोन्ही अडचणी असतील. आणि एकोणची रीत जमलेल्या मुलाला ९९ पुन्हा चकवू शकतं, कारण नव्याण्णव त्या रीतीत बसत नाही. म्हणून श्रुतलेखन तपासताना बरोबर-चूक अशा खुणा न करता मुलाने लिहिलेले अंकच तक्त्यात उतरवा. अठरा मुलं, बारा संख्या, म्हणजे २१६ नोंदी. आडव्या ओळीत मूल, उभ्या रकान्यात संख्या, एवढा तक्ता एका मोठ्या कागदावर मावतो. आडवं वाचलं की एका मुलाची रीत दिसते, उभं वाचलं की संख्येची अडचण दिसते.

तक्त्यात एक गोष्ट मात्र दिसणार नाही, ती मुलाच्या हाताकडे पाहूनच कळते. काही मुलं सदतीस ऐकल्यावर आधी उजवीकडे ७ लिहितात, मग डावीकडे जागा सोडलेली असते तिथे ३ लिहितात. कागदावर ३७ आलं, उत्तर बरोबर. पण ऐकलेल्या क्रमाने लिहायची सवय कायम आहे आणि पुढच्या वर्गात एकशे सदतीस लिहिताना ती आडवी येऊ शकते. त्यामुळे श्रुतलेखनाच्या वेळी फिरत राहा, बरोबर लिहिणाऱ्यांचे हातही पाहा.

यानंतर प्रत्येक मुलाला तीन छोटी कामं वेगवेगळी द्या. ऐकून लिही. लिहिलेली संख्या वाच. आणि ऐकून तेवढ्या काड्या मांड. काड्यांना तोटा नाही; तुराट्यांचे बोटभर तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधले की झालं. मुलाने तीन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या बरोबर मांडल्या, पण लिहिताना ७३ केलं, तर त्याला सदतीस म्हणजे किती ते कळलेलं आहे, अडलंय ते फक्त लिहिण्याच्या क्रमाशी. सात गठ्ठे मांडले तर गोष्ट वेगळी आणि जास्त खोल आहे. या दोघांना एकच स्वाध्याय देणं दोघांवरही अन्याय आहे. बहुवर्ग शाळेत एकेका मुलासाठी वेळ काढणं कठीण असतं, म्हणून सगळ्यांची नको, पाच-सहा मुलांचीच कामं बारकाईने घ्या: दोन उलट लिहिणारी, दोन एकोणपाशी अडणारी आणि सगळं बरोबर लिहिणारी एक-दोन.

मुलाशी बोलताना

बरोबर लिहिणाऱ्यांना का विचारायचं? स्टॅन्ली अर्लवांगर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला बेनीचा अभ्यास हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. बेनी हा अमेरिकेतला सहावीचा मुलगा, स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका भराभर सोडवणारा, शिक्षकांच्या लेखी हुशार. अर्लवांगर त्याच्याशी बोलायला बसले तेव्हा कळलं की तो ०.३ आणि ०.४ यांची बेरीज ०.०७ करतो आणि अपूर्णांकाचा दशांश करताना अंश आणि छेद मिळवून टाकतो. गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेले नियम, उत्तरपत्रिकेशी जुळेपर्यंत ते बदलत राहायचे, अशी त्याची समजूत झाली होती. एका मुलाशी केलेल्या या बोलण्याने जगभरचे गणितशिक्षक विचारात पडले. एकाच मुलावर कसलं संशोधन, असं कुणी म्हणालं तर बेनीचं नाव सांगा.

बोलताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, मुलाच्या बोलीत बोला. ‘तू हे उत्तर कोणत्या पद्धतीने काढलंस?’ यापेक्षा ‘सांग बरं मले, कसं केलं तू?’ याला उत्तर लवकर येतं. आणि ‘तुम्ही सात पयले म्हनले ना, मॅडम’ असं उत्तर आलं तर ते जसंच्या तसं, त्याच शब्दांत लिहून घ्या. प्रमाण मराठीत सुधारून लिहिलं की त्यातला पुरावा पुसट होतो. वर्धा, पुलगाव, हिंगणघाटच्या बाजारात हिंदी संख्या कानावर पडतात, काही घरांत गोंडी किंवा कोलामी बोलली जाते. घरी कशा मोजता, हा प्रश्न म्हणूनच यादीत हवा. दुसरी गोष्ट, थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच वाट पाहतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मोबाइलवर स्वतःचं संभाषण ध्वनिमुद्रित करून ऐका. आपण मुलाचं वाक्य कुठे तोडतो ते तिथे स्पष्ट ऐकू येतं. आणि बोलणं चालू असताना शिकवायला लागू नका. बरोबर उत्तर सांगायचा मोह अनावर होतो, पण त्या दहा मिनिटांत तुम्हाला शिकायचं असतं.

बदल आणि पुन्हा पाहणी

इतकं कळल्यावर उपाय करायचा, आणि एका वेळी एकच. काड्या, गाणी, खेळ, जादा सराव सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. समजा ठरवलं की महिनाभर प्रत्येक संख्या दोन्ही तऱ्हांनी बोलायची: ‘सदतीस, म्हणजे तीस सात.’ २०१९ च्या वादात तुमचं मत काहीही असो. वर्गात काय होतं ते पाहायला मत आड यायचं कारण नाही.

लहान वर्गात अर्ध्या मुलांना नवी रीत आणि अर्ध्यांना जुनी, असा प्रयोग करायला मन धजत नाही आणि करूही नये. त्याऐवजी संख्यांची विभागणी करा. पहिले दोन आठवडे नवी रीत फक्त वीस, तीस आणि चाळीसच्या घरांत वापरा. मग साठ आणि सत्तरच्या घरांतल्या संख्याही तपासा. न शिकवलेल्या घरांतही उलट लेखन कमी झालं असेल तर मुलांनी रीत उचलली. फक्त शिकवलेल्या घरांत कमी झालं असेल तर त्यांनी त्या संख्या पाठ केल्या. हा फरक सरासरी गुणांतून कधीच दिसला नसता.

फेरतपासणीत त्याच संख्या नकोत, त्याच धर्तीच्या दुसऱ्या घ्या: ३७-७३ ऐवजी ४६-६४, ३९ ऐवजी ५९. आणि ताबडतोब घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. प्रश्न आणि पहिला तक्ता पोळ्याच्या आत, बदल पोळा ते दसरा, पहिली फेरतपासणी दिवाळीच्या सुटीआधी आणि दुसरी सुटीनंतर, असं नियोजन बसतं. सुटीत टिकलं तेच खरं शिकणं. दिवाळीनंतर काही गावांत कापूस वेचणीमुळे हजेरी पातळ होते, त्यामुळे मुख्य काम त्याआधी उरकलेलं बरं. आणि कोण किती दिवस गैरहजर होतं ते तक्त्यात लिहायला विसरू नका.

अठरा मुलांच्या गुणांवर मोठमोठी सूत्रं लावू नका. ‘उलट लेखन करणारी सात मुलं होती, दिवाळीनंतर दोन राहिली, पण एकोणपाशी अडणाऱ्या पाचांत काहीच फरक पडला नाही,’ असं एक वाक्य तुमच्या आकडेवारीतून निघालं, तर ते पानभर सांख्यिकीपेक्षा जास्त उपयोगाचं. त्यातून पुढचा प्रश्नही मिळतो: एकोणसाठी वेगळं काय करायला हवं? संख्यारेषेवर चाळीसपाशी उभं राहून एक पाऊल मागे यायचं का? उपाय फसला तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा. फसलेला उपाय नीट नोंदवलेला असेल तर शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाचं एक वर्ष वाचतं.

वरच्या वर्गांसाठी

पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्यांनी एक प्रश्न उद्याच फळ्यावर लिहून पाहावा: ८ + ४ = □ + ५. केरेन फॉकनर या अमेरिकी प्राथमिक शिक्षिकेने लिंडा लेव्ही आणि थॉमस कार्पेंटर या संशोधकांबरोबर १९९९ मध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. त्यात सहावीच्या १४५ मुलांपैकी प्रत्येकाने १२ किंवा १७ असं उत्तर दिलं होतं. मुलांना बेरीज येत होती; ‘=’ या चिन्हाचा अर्थ मात्र त्यांनी ‘पुढे उत्तर लिहा’ असा लावला होता. बीजगणितात समीकरणं का जमत नाहीत, याचं एक मूळ इथे आहे. या अभ्यासात वर्गातली शिक्षिका बरोबरीची लेखक होती, ही गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. तुमच्या वर्गातली उत्तरं अशीच येतात की वेगळी, हे शोधायला खडू आणि कागदाचा चिटोरा पुरतो.

दुसरा प्रश्न बाजारातला. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिना कारेहर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचे हिशेब तपासले. विकताना त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड नुसती कागदावर दिली तेव्हा ३७ टक्के. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस यांनी धारावीतल्या मुलांच्या कामाधंद्यातल्या गणितावर असाच अभ्यास केला. तुमच्या वर्गातली काही मुलं आईबरोबर आठवडी बाजारात भाजी घेऊन बसत असतील, काहींनी वेचलेल्या कापसाचे किलो आणि मजुरी यांचा हिशेब घरी ऐकलेला असेल. ‘पावणेदोन किलोचे किती?’ हे मूल तोंडी कसं काढतं, आधी दोन किलोचे काढून पाव किलोचे वजा करतं की दुसरं काही, ते एकदा नीट लिहून घ्या. मग तेच वर्गात १.७५ × ४० असं द्या. दोन्हींतली दरी किती आणि नेमकी कुठे आहे, हा एका वर्षाचा भरगच्च अभ्यास होईल. मात्र बाजारात बसणाऱ्या मुलाला वर्गासमोर उभं करून ‘हा बघा हिशेब कसा करतो’ असं करू नका. त्याच्या घरची परिस्थिती ही त्याची खासगी गोष्ट आहे.

ओघाने मर्यादांचंही बोललं पाहिजे. अहवालात मुलांची नावं नकोत, अ, आ, इ अशा खुणा पुरे. संभाषण ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना आणि पालकांना साध्या शब्दांत सांगा, आणि चुकणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कुठल्याही व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, कौतुक म्हणूनसुद्धा नाही.

एकट्याने नको

आपल्याच वर्गाकडे पाहताना आपल्याला हवं ते दिसण्याचा धोका असतो. यावर जपानी शिक्षकांनी फार पूर्वीपासून एक रीत बसवली आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात आणि नंतर सगळे मिळून चर्चा करतात. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद भरतेच. तिथे पाच-सहा शिक्षकांनी ठरवलं तर पत्रकांच्या वाचनानंतर एक तास यासाठी निघू शकतो: एकाने आपला तक्ता आणि चार-पाच वह्यांची छायाचित्रं ठेवायची, मुलाने काय विचार केला असेल ते इतरांनी सांगायचं, आणि तक्ता मांडणाऱ्याने शेवटी बोलायचं. वर्गपाहणीला कुणी आलं तर त्याला एकच विनंती करा: माझ्याकडे पाहू नका, त्या एका मुलीकडे पूर्ण तासभर पाहा आणि ती काय लिहिते, काय खोडते, कुणाच्या वहीत डोकावते ते नोंदवा. शिक्षकाला गुण देण्यासाठी केलेल्या पाहणीपेक्षा या पाहणीतून कितीतरी जास्त हाती लागतं. केंद्रप्रमुखांनी हे मनावर घेतलं तर फार मोठं काम होईल, असं मला मनापासून वाटतं.

लिहिताना तीन पानं पुरे. पहिल्या पानावर प्रश्न आणि तो कुठून आला ते. दुसऱ्यावर मूळ तक्ता आणि दोन-तीन मुलांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत. तिसऱ्यावर काय बदललं, काय नाही, आणि अजून काय कळलेलं नाही. ‘विद्यार्थ्यांमध्ये आत्मविश्वास निर्माण झाला’ यासारखं वाक्य आलंच, तर तो कशावरून दिसला ते पुढच्याच वाक्यात लिहा, नाहीतर ते वाक्य काढा. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं ‘जीवन शिक्षण’, माध्यमिक मंडळाचं ‘शिक्षण संक्रमण’, पुण्याची ‘शैक्षणिक संदर्भ’ आणि ‘पालकनीती’ ही शिक्षणावरच्या मराठी लेखनाची परिचित नियतकालिकं आहेत. नवोपक्रम स्पर्धेतही असा अहवाल मांडता येईल. पण पहिली प्रत पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांना द्या. जून-जुलैत ज्यांच्या हाती हीच अठरा मुलं येणार आहेत, त्यांना कोणत्या मुलाला एकोण अजून अडतं आणि कोण सात आधी लिहून मग डावीकडे तीन लिहितं, हे पहिल्याच आठवड्यात माहीत झालेलं असेल.